आदेश मागे घ्यावा की फेरनिर्णयासाठी पाठवून घ्यावा? : मुंबईतील एका करप्रकरणात सरकारी वकिलांनी घेतलेला निर्णय

पार्श्वभूमी

हे प्रकरण दक्षिण मुंबईत, लोहार चाळीच्या परिसरात विद्युत साहित्याचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका भागीदारी पेढीचे आहे. पेढी, करअधिकारी आणि सरकारी वकील यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा पूर्णांकात दिल्या आहेत. करप्रकरणांविषयी लिहिताना बहुधा करदात्याची बाजू किंवा न्यायालयाचा निकाल समोर ठेवला जातो. सरकारच्या बाजूने उभा राहणारा वकील त्या लेखनात फक्त नावापुरता येतो. येथे प्रकरण त्याच्या टेबलावरून पाहिले आहे.

वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला. खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, म्हणजे इनपुट टॅक्स क्रेडिट, व्यापारी आपल्या जीएसटीआर-३बी या विवरणपत्रात घेतो. पुरवठादाराने आपल्या विवरणपत्रात दाखवलेली तीच विक्री खरेदीदाराच्या जीएसटीआर-२ए या तक्त्यात उमटते. पहिल्या वर्षी हे दोन आकडे अनेक ठिकाणी जुळले नाहीत, कारण पुरवठादारांनी चुकीचा नोंदणी क्रमांक टाकला, नोंदणीकृत व्यापाऱ्याला केलेली विक्री किरकोळ ग्राहकाला केलेली म्हणून दाखवली किंवा एखादे बीजकच गाळले. या पेढीच्या २०१७-१८ च्या हिशेबात असा फरक ४२ लाख रुपयांचा होता. त्यातले ३१ लाख तीन मोठ्या पुरवठादारांचे, ८ लाख सहा लहान पुरवठादारांचे आणि उरलेले ३ लाख अशा एका पुरवठादाराचे होते, ज्याची नोंदणी पुढे रद्द झाली होती आणि ज्याचा ठावठिकाणा पेढीलाही लागत नव्हता.

अशा फरकांसाठी केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने २७ डिसेंबर २०२२ रोजी परिपत्रक क्रमांक १८३ काढले होते. एका पुरवठादारामागे वर्षाचा फरक पाच लाखांहून अधिक असल्यास सनदी लेखापालाचे किंवा परिव्यय लेखापालाचे प्रमाणपत्र घ्यावे, पाच लाखांपर्यंत असल्यास खुद्द पुरवठादाराचे प्रमाणपत्र पुरेसे मानावे, अशी २०१७-१८ आणि २०१८-१९ या वर्षांपुरती पद्धत त्यात घालून दिली होती. पेढीच्या दादरच्या सनदी लेखापालांना हे परिपत्रक चांगले ठाऊक होते.

सप्टेंबर २०२३ च्या अखेरीस वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ७३ खालील, म्हणजे फसवणुकीचा आरोप नसताना कमी भरलेला कर मागणारी, कारणे दाखवा नोटीस कराच्या पोर्टलवर आली. तिच्यात व्यक्तिगत सुनावणीच्या तारखेचा रकाना रिकामा होता. पेढीने नोव्हेंबरमध्ये उत्तर भरले, तीन मोठ्या पुरवठादारांची प्रमाणपत्रे जोडली, इतरांसाठी मुदत मागितली आणि सुनावणीची लेखी विनंती केली. उत्तराची पोचही पोर्टलने दिली. त्यानंतर डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात थेट आदेश आला. ‘करदात्याने नोटिशीस उत्तर दिलेले नाही, सबब प्रस्तावित मागणी कायम करण्यात येत आहे’, असे त्यात म्हटले होते. कर ४२ लाख, त्यावर करापेक्षाही थोडे अधिक व्याज आणि कराच्या दहा टक्के शास्ती (दंड) मिळून मागणी ९० लाखांच्या घरात गेली होती.

मार्चच्या मध्यावर पेढीचे चालू खाते गोठवल्याचे पत्र बँकेत पोहोचले. आदेश बजावल्यापासून तीन महिने अजून व्हायचे होते. आर्थिक वर्ष संपत आले होते आणि वसुलीचे उद्दिष्ट गाठायचे होते, हे सांगायला वेगळ्या पुराव्याची गरज नाही. पेढीने त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयात रिट याचिका दाखल केली.

प्रश्नाचे स्वरूप

याचिका वाचल्यावर सहायक सरकारी वकील बाईंना दोन दोष लगेच दिसले. केंद्रीय आणि महाराष्ट्र वस्तू व सेवा कर कायद्यांचे कलम ७५(४) सांगते की, करदात्याने लेखी मागणी केली असेल किंवा त्याच्याविरुद्ध निर्णय होण्याचा संभव असेल, तर सुनावणीची संधी दिलीच पाहिजे. येथे दोन्ही अटी पूर्ण झाल्या होत्या आणि सुनावणी एकदाही झाली नव्हती. दुसरा दोष वसुलीचा होता. कलम ७८ प्रमाणे आदेशानंतर तीन महिने वाट पाहावी लागते. महसुलाच्या हिताकरिता ती मुदत कमी करता येते, पण त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात. फाइलमध्ये तशी नोंद नव्हती.

इथपर्यंत प्रकरण सोपे वाटते. आदेश चुकीचा होता, तो रद्द व्हावा. सरकारची खरी अडचण मात्र याचिकेत कुठेच लिहिलेली नव्हती आणि पेढीच्या वकिलांनी ती मांडण्याचे कारणही नव्हते. २०१७-१८ या वर्षासाठी कलम ७३ खालील आदेश काढण्याची वाढीव मुदत ३१ डिसेंबर २०२३ रोजी संपली होती. आदेश नुसताच रद्द झाला, तर नवा आदेश काढायला कायद्यात वेळच उरणार नव्हता, आणि मग ४२ लाखांपैकी जे काही खरोखर देय असेल तेही बुडणार होते. नोंदणी रद्द झालेल्या पुरवठादाराचे ३ लाख तर उघडच शंकास्पद होते.

याचा अर्थ, सरकारी वकिलांपुढे सरळ ‘लढा की सोडा’ असा प्रश्न नव्हता. बचावास अयोग्य आदेश सोडून द्यायचा, पण त्याखालचा कराचा प्रश्न जिवंत ठेवायचा, हे कसे साधायचे, हा प्रश्न होता.

सरकारी वकिलांचे स्थान

राज्याचे महाधिवक्ता हे संविधानाच्या अनुच्छेद १६५ खालील पद आहे. त्यांच्याखाली उच्च न्यायालयात सरकारी वकील, अतिरिक्त सरकारी वकील आणि सहायक सरकारी वकील काम करतात. त्यांच्या नेमणुका व सेवाशर्ती महाराष्ट्र विधि अधिकारी नियम, १९८४ खाली येतात आणि विधि व न्याय विभागाच्या अखत्यारीत असतात. करविभाग त्यांचा नेमणूककर्ता नाही. तो त्यांना सूचना देणारा विभाग आहे. व्यवहारात मात्र कागदपत्रे, आकडे, तारखा या सगळ्यांसाठी वकील त्याच विभागाच्या अधिकाऱ्यावर अवलंबून असतो आणि आदल्या दिवशी दुपारी हाती आलेल्या कागदांवर दुसऱ्या दिवशी उभे राहणे हा त्यांच्या कामाचा नित्यक्रम आहे.

कायद्याच्या आधाराशिवाय कर बसवता किंवा गोळा करता येणार नाही, असे अनुच्छेद २६५ म्हणतो. त्यातील ‘गोळा करता’ हे शब्द मला सरकारी वकिलांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांच्यापर्यंत पोहोचणारी प्रकरणे बहुतेक वेळा आकारणी आणि वसुली यांच्या मधल्या टप्प्यावरची असतात. आपला पक्षकार राज्य आहे, एखादा अधिकारी किंवा एखादे कार्यालय नव्हे, हे तत्त्व प्रत्येक विधि अधिकारी मान्य करतो. अवघड जाते ते फोनवर समोरच्या अधिकाऱ्याला ते सांगणे.

सल्ला मानला गेल्याची उदाहरणे आहेत. व्होडाफोन इंडिया सर्व्हिसेसच्या समभागांवरील अधिमूल्यासंबंधीच्या हस्तांतरण-मूल्य (परस्परसंबंधित कंपन्यांमधील व्यवहाराची किंमत) वादात मुंबई उच्च न्यायालयाने १० ऑक्टोबर २०१४ रोजी आयकर विभागाविरुद्ध निकाल दिला. त्यावर सर्वोच्च न्यायालयात जायचे नाही, असा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २८ जानेवारी २०१५ रोजी घेतला आणि त्यामागे महान्यायवाद्यांचे, म्हणजे केंद्र सरकारच्या सर्वोच्च विधि अधिकाऱ्याचे, मत होते. त्या पातळीवर निर्णयाची जबाबदारी मंत्रिमंडळ घेते. लोहार चाळीतल्या पेढीच्या प्रकरणात ती जबाबदारी कोणी घ्यायची, हेच आधी ठरवावे लागते. आदेशाचा अखेरपर्यंत बचाव करून हरलेल्या अधिकाऱ्याला सहसा कोणी जाब विचारत नाही. तो आदेश चुकला असे स्वतः मान्य करणाऱ्याला महालेखापालांच्या लेखापरीक्षणात, कधी दक्षता चौकशीत, स्पष्टीकरण द्यावे लागू शकते. या प्रकरणातील अधिकाऱ्याची अनिच्छा समजून घ्यायची असेल, तर त्याच्या स्वभावापेक्षा ही रचना आधी पाहावी लागेल.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय प्राथमिक हरकतीचा होता. कलम १०७ खाली अपिलाची सोय आहे, मुदत अजून संपलेली नाही, तेव्हा रिट याचिका ऐकूच नये, ही हरकत करप्रकरणांत सरकारकडून जवळजवळ सवयीने घेतली जाते. तिला भक्कम आधारही आहे: कमर्शियल स्टील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२१ मध्ये वस्तू व सेवा कराच्या संदर्भातच पर्यायी उपायाचा मार्ग आधी चोखाळावा, असे म्हटले होते. पण त्याच निकालात अपवादही नोंदवले आहेत आणि १९९८ च्या व्हर्लपूल निकालापासून नैसर्गिक न्यायाचा भंग हा त्यांतला ठरलेला अपवाद आहे. सुनावणी नाकारल्याचे कागदावरच दिसत असताना ही हरकत टिकली नसती.

तरीही वकील बाईंनी हा पर्याय लगेच सोडला नाही, आणि ते योग्य होते. अपिलात गेल्यास पेढीला वादग्रस्त कराच्या दहा टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार रुपये भरावे लागले असते आणि उरलेल्या रकमेची वसुली आपोआप स्थगित झाली असती. सरकारला काही रक्कम हाती आली असती, पेढीचे खाते मोकळे झाले असते आणि मुदतीचा प्रश्नच उद्भवला नसता, कारण अपिलीय प्राधिकाऱ्याने स्वतः गुणवत्तेवर निर्णय दिला असता. वरवर पाहता हा दोघांच्याही सोयीचा मार्ग होता. त्यात अडचण अशी की, कलम १०७(११) प्रमाणे अपिलीय प्राधिकारी प्रकरण मूळ अधिकाऱ्याकडे परत पाठवू शकत नाही. दहा पुरवठादारांची बीजके आणि प्रमाणपत्रे पहिल्यांदा तपासण्याचे काम अपिलात झाले असते आणि पेढीची एक पायरी कायमची गेली असती. जी सुनावणी कायद्याने द्यायलाच हवी होती, तिच्यासाठी करदात्याला रक्कम भरायला लावणे राज्याला शोभणारे नव्हते.

दुसरा पर्याय आदेशाचा गुणवत्तेवर बचाव करण्याचा होता. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

तिसरा पर्याय विभागातूनच सुचवला गेला: ‘आम्ही आदेश मागे घेतो आणि सुनावणी देऊन नवा काढतो, याचिका निकाली काढून घ्या.’ ऐकायला हे सर्वांत समंजस वाटते, आणि घाईत असलेला वकील याला होकार देऊन मोकळा होईल. वकील बाईंना यात दोन खड्डे दिसले. मूळ अधिकाऱ्याला स्वतःचा आदेश मागे घेण्याचा सर्वसाधारण अधिकार या कायद्यात नाही; कलम १६१ मध्ये उघड चूक दुरुस्त करण्यापुरता अधिकार आहे आणि कलम १०८ खालील पुनरीक्षण, म्हणजे वरिष्ठाने केलेली फेरतपासणी, महसुलाला बाधक ठरणाऱ्या आदेशांसाठी आहे. त्याहून मोठा खड्डा मुदतीचा होता. विभागाने आपण होऊन आदेश मागे घेतला असता, तर ३१ डिसेंबर २०२३ नंतर काढलेला नवा आदेश मुदतबाह्य ठरला असता आणि पेढीने पुढच्याच महिन्यात तेवढ्या एका मुद्द्यावर दुसरी याचिका दाखल केली असती.

चौथा पर्याय कलम ७५(३) मधून निघाला. अपिलीय प्राधिकारी, न्यायाधिकरण किंवा न्यायालय यांच्या निदेशानुसार आदेश काढायचा असेल, तर तो निदेश कळवल्यापासून दोन वर्षांत काढता येतो, असे ते कलम सांगते. म्हणजे तोच आदेश विभागाने मागे घेतला तर दार बंद, आणि न्यायालयाने रद्द करून फेरनिर्णयाचा निदेश दिला तर दोन वर्षे उघडे. संमतीने का होईना, निदेश न्यायालयाचाच हवा होता.

प्रतिज्ञापत्राचा मसुदा

पहिल्या तारखेला वकील बाईंनी सूचना घेण्यासाठी वेळ मागितला. खंडपीठाने खात्याविषयी विचारले, तेव्हा त्यांनी बाहेर येऊन अधिकाऱ्याला फोन केला आणि परत जाऊन पुढील तारखेपर्यंत बँकेतून रक्कम काढली जाणार नाही, असे निवेदन केले. ते निवेदन तोंडी संमतीवर होते. त्याच दुपारी त्यांनी ई-मेल पाठवून ती संमती लेखी मागवली. न्यायालयात केलेले निवेदन पाळले जाईल याची खात्री करणे हे विधि अधिकाऱ्याच्या हातातले सर्वांत मोलाचे भांडवल जपण्यासारखे आहे. कागद हाती नसताना खंडपीठाने त्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा, एवढ्यावरच त्याचे रोजचे काम चालते.

दोन दिवसांनी विभागाकडून प्रतिज्ञापत्राचा मसुदा आला. त्यातल्या एका परिच्छेदात म्हटले होते की, करदात्याचे उत्तर प्राप्त झाले होते, त्याचा साकल्याने विचार करण्यात आला आणि ते असमाधानकारक आढळल्यानेच मागणी कायम केली. आदेशात मात्र उत्तर आलेच नाही असे लिहिले होते. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असणे शक्य नव्हते.

वकील बाईंनी पोर्टलवरील नोंद मागवली. उत्तर नोव्हेंबरमध्ये दाखल झाले होते, पण आदेश निघेपर्यंत ते उघडले गेले नसल्याचे दिसत होते. मध्यंतरी आधीच्या अधिकाऱ्याची बदली झाली होती. नव्या अधिकाऱ्याकडे वर्षअखेरीच्या मुदतीची प्रकरणे गठ्ठ्याने आली होती आणि आदेशाचा एकच साचा अनेक प्रकरणांत वापरला गेला होता. फोनवरचे संभाषण नंतर एका टिपणात नोंदवले गेले, ते थोडक्यात असे:

‘मॅडम, उत्तर आले होते हे खरे आहे. पण ते वाचले असते तरी आदेश तोच झाला असता.’

‘साहेब, तसे असेल तर फेरसुनावणीत आपले काहीच बिघडणार नाही. पण ते वाचले होते असे शपथेवर मला सांगता येणार नाही, आणि आपणही सांगू नये.’

हा या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णयक्षण होता, असे माझे मत आहे. कायद्याने पाहिले तरी तो परिच्छेद निरुपयोगीच होता: आदेश ज्या कारणांवर दिला त्यांच्याच आधारे त्याची वैधता तपासली जाते, नंतरच्या प्रतिज्ञापत्राने नवी कारणे जोडता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मोहिंदर सिंग गिल प्रकरणात १९७७ मध्ये सांगून ठेवले आहे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने हिंदुस्तान लीव्हर विरुद्ध वाडकर या २००४ च्या निकालात आयकराच्या पुनराकारणीच्या संदर्भात तीच शिस्त लावली आहे. पण मसुदा नाकारण्याचे पहिले कारण हे नव्हते. त्यातले विधान अभिलेखाच्या विरुद्ध होते, हे होते. पक्षकाराला अनुचित मार्गापासून परावृत्त करण्याचा वकिलाने शक्य तेवढा प्रयत्न करावा, ही बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतली अपेक्षा सरकारी पक्षकारालाही लागू आहे. येथे अधिकाऱ्याचा हेतू वाईट होता असे म्हणता येत नाही. आपण सही केलेल्या आदेशाला सावरून घेण्याची ती सरकारी सवय होती आणि कोणी अडवले नसते, तर तो परिच्छेद शपथेवर गेला असता.

केलेली कार्यवाही

वकील बाईंनी विभागाच्या विधी शाखेला दोन पानी लेखी मत पाठवले. आदेश का टिकणार नाही हे त्यात एका परिच्छेदात होते. उरलेला भाग आदेश मागे घेणे आणि न्यायालयाच्या निदेशाने फेरनिर्णय करणे यांतला फरक समजावण्यात गेला होता. अधिकाऱ्याला चूक झाली हे ऐकवण्यापेक्षा महसूल कसा वाचेल हे दाखवले, म्हणूनच ते मत वर गेले आणि पटकन मान्य झाले, असे मला वाटते. सहआयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याने लेखी सूचना दिली. ही पातळी मुद्दाम मागितली होती, कारण ज्याचा आदेश वादात आहे त्याच्याच एकट्याच्या सहीवर संमती देणे त्याच्यावरही अन्यायाचे झाले असते.

संमतीच्या मसुद्यावर पेढीच्या वकिलांशी झालेली चर्चा सोपी नव्हती. त्यांचे म्हणणे असे की, आदेश रद्द झाला की प्रकरण संपले. फेरनिर्णयाला आम्ही संमती का द्यावी? त्यांच्या जागी कोणीही हेच म्हटले असते. त्यावर दोन गोष्टी उपयोगी पडल्या. याचिकेतच पेढीने पर्यायी मागणी म्हणून सुनावणी देऊन नव्याने निर्णय व्हावा असे म्हटले होते. शिवाय खाते गोठलेले होते. संमती झाली तर ते त्याच दिवशी मोकळे होणार होते. या दुसऱ्या गोष्टीचा वापर करताना वकील बाईंनी एक पथ्य पाळले, ते मला नोंदवण्यासारखे वाटते: बेकायदा गोठवलेले खाते सौद्यातले हत्यार होऊ नये म्हणून, संमती होवो वा न होवो, खाते मोकळे करण्याचे पत्र काढावे, असे त्यांनी विभागाला आधीच कळवले होते. विभागाने ते पत्र तारखेपर्यंत काढले नाही, हा भाग वेगळा.

आणखी एक बारकावा होता. आदेशाची मुदत ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत वाढवणाऱ्या अधिसूचनेच्या वैधतेला देशातील निरनिराळ्या उच्च न्यायालयांत आव्हान दिले गेले होते आणि पेढीच्या याचिकेतही तसा एक मुद्दा होता. संमतीच्या ओघात त्यावर राज्याची कबुली गेली असती, तर ती इतर शेकडो प्रकरणांत दाखवली गेली असती. म्हणून अधिसूचनेसह दोन्ही बाजूंचे सर्व मुद्दे खुले ठेवल्याचे स्पष्ट वाक्य मसुद्यात घातले गेले.

एप्रिलच्या सुरुवातीला खंडपीठाने आदेश व खातेजप्ती दोन्ही रद्द केले, नोटीस कायम ठेवली, सुनावणीची तारीख आदेशातच नेमून दिली आणि बारा आठवड्यांत सकारण निर्णय देण्याचा निदेश दिला. बोर्डावर प्रकरण पुकारल्यापासून सगळे काही मिनिटांत उरकले.

परिणती

फेरसुनावणी नेमल्या दिवशी झाली. तीन मोठ्या पुरवठादारांच्या प्रमाणपत्रांची पडताळणी होऊन ३१ लाखांचे क्रेडिट मान्य झाले; त्यातल्या एकाने पेढीऐवजी दुसऱ्याच व्यापाऱ्याचा नोंदणी क्रमांक टाकल्याचे उघड झाले. लहान पुरवठादारांपैकी चौघांची प्रमाणपत्रे आली आणि आणखी साडेपाच लाख मान्य झाले. दोघांनी प्रमाणपत्र दिले नाही आणि नोंदणी रद्द झालेला पुरवठादार सापडला नाही. अशा रीतीने ४२ लाखांच्या जागी साडेपाच लाखांचा कर कायम झाला. नवा आदेश अकरा पानांचा होता आणि प्रत्येक पुरवठादाराविषयी त्यात स्वतंत्र कारण होते.

येथे सरकारी वकिलांचे काम संपले असे वाटले होते. पण वरिष्ठ कार्यालयाने मान्य झालेल्या साडेछत्तीस लाखांबाबत कलम १०७(२) खाली विभागाने अपील करावे काय, यावर मत मागितले. मत नकारार्थी होते. आदेशाने मंडळाच्या परिपत्रकाची पद्धत तंतोतंत पाळली होती आणि आपल्याच परिपत्रकाविरुद्ध विभागाला भांडता येत नाही, हे पेपर प्रॉडक्ट्स प्रकरणात १९९९ मध्ये ठरलेले आहे. रतन मेल्टिंगच्या २००८ च्या निकालाने त्याला मर्यादा घातली ती परिपत्रक कायद्याशी किंवा न्यायनिर्णयाशी विसंगत असेल तेव्हापुरती. येथे तसा प्रश्न नव्हता. अपील झाले नाही.

उरलेल्या साडेपाच लाखांवर पेढी अपिलात जाईल अशी अपेक्षा होती. त्या सुमारास कलम १२८अ आले. २०१७-१८ ते २०१९-२० या वर्षांच्या कलम ७३ खालील मागण्यांमध्ये ३१ मार्च २०२५ पर्यंत पूर्ण कर भरल्यास व्याज आणि शास्ती माफ करण्याची ती तरतूद होती. पेढीने कर भरला. व्याज करापेक्षाही जास्त झाले असल्याने तिच्या दृष्टीने वाद वाढवण्यात अर्थ नव्हता.

वेगळे काय करता आले असते

विभागात नंतर झालेल्या चर्चेत एक आक्षेप असा निघाला की, संमती देताना सरकारी वकिलांनी पेढीकडून किमान दहा टक्के रक्कम जमा करून घ्यायला हवी होती, जशी अपिलात घेतली जाते. मला हे पटत नाही. अपिलातील पूर्वभरणा विधिवत झालेल्या आदेशाविरुद्ध असतो. सुनावणीच न झालेल्या आदेशाला तो भाव देणे म्हणजे दोषाची किंमत करदात्याकडून वसूल करणे होय. मात्र नोंदणी रद्द झालेल्या पुरवठादाराचे ३ लाख हक्क राखून भरण्याची विचारणा करता आली असती. पेढीने कदाचित ते मान्यही केले असते, कारण त्या रकमेबाबत तिच्याकडे बीजक आणि बँकेची नोंद यांपलीकडे काही नव्हते. ती विचारणा झाली नाही.

खाते मोकळे करण्याच्या पत्राचा पाठपुरावा अधिक नेटाने व्हायला हवा होता. पेढीला जवळजवळ तीन आठवडे खाते वापरता आले नाही, आणि त्यातला निम्म्याहून अधिक काळ दोष मान्य झाल्यानंतरचा होता. वकिलाने मत देणे आणि विभागाने ते अमलात आणणे यांच्या मधली जागा कोणाच्याच जबाबदारीत येत नाही. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न पाहता वरिष्ठ सरकारी वकिलांमार्फत विषय वर नेता आला असता.

सर्वांत मोठी संधी नोटिशीच्या टप्प्यावर हुकली. सुनावणीचा रकाना रिकामा असलेली नोटीस पाठवण्याआधी विधी शाखेतल्या कोणी तिचा साचा एकदा वाचला असता, तर पुढचे काहीच घडले नसते. खाते गोठवण्यापूर्वी मुदतीची आणि नोंदवलेल्या कारणांची तपासणी ही तर अर्ध्या तासाची बाब होती. सरकारी वकिलांना याचिका आल्यावरच बोलावण्याची पद्धत आहे. मुदत संपत आलेल्या वर्षांच्या बाबतीत तरी नोव्हेंबरमध्येच त्यांचे मत घेण्याची सोय विभागाने केली पाहिजे.

वकील बाईंनी खंडपीठाच्या आदेशाची प्रत विभागाला पाठवताना सोबत एक टिपण जोडले होते. त्याच साच्यातले, त्याच आठवड्यात निघालेले आणखी आदेश असतील, ते विभागाला स्वतःहून मागे घेता येणार नाहीत, पण त्यांची यादी करून ठेवावी, त्यांतल्या वसुल्या थांबवाव्यात आणि याचिका आल्यास पहिल्याच तारखेला फेरनिर्णयास संमती देण्याची पूर्वसूचना द्यावी, असे त्यात सुचवले होते. उत्तर आले की, प्रत्येक प्रकरण आपापल्या गुणवत्तेवर पाहिले जाईल. त्यानंतर तशा काही याचिका आल्या. त्यांमध्ये संमती मिळाली, पण दर वेळी सूचना घेण्यासाठी एक तारीख जास्त लागली.